डोक्याला लावायची बॅटरी घेताना

एका हातात पाटी, दुसऱ्या हातात छत्री, मग बॅटरी धरायची कशात? काहीजणी दातांत धरतात, काहीजणी मोबाइल पदरात खोचतात. आज डोक्याला पट्ट्यानं बांधायच्या बॅटरीबद्दल, म्हणजे हेडलॅम्पबद्दल बोलू या.

आमच्या बाळकुमात आता रस्त्याला दिवे आहेत. पण कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडच्या गावांत गेलं की शेताचा बांध अजून काळोखातच असतो. पहिल्या पावसात वलगणीचे मासे आणि मुठे धरायला माणसं निघतात ती रात्रीच. शहापूर-मुरबाडकडे डोंगराच्या पायथ्याला तंबूत राहायला पाहुणे येतात. त्यांच्या जेवणाचं काम गटानं घेतलं, तर चुलीपासून तंबूपर्यंत अंधारात दहा फेऱ्या होतात. मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पाऊल कुठं पडतंय हे दिसणं, यासाठीच हा खर्च.

दुकानदार आधी सांगतो, "ताई, हिचा फोकस एक किलोमीटर जातो." आपल्याला एक किलोमीटरवर काय बघायचंय? नावाजलेल्या कंपन्या मीटरमध्ये जे अंतर छापतात, ते पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोहोचतो तिथपर्यंतचं असतं. आपल्याला हवा पायापुढच्या पाच-दहा पावलांवर पसरलेला उजेड. उजेड लुमेनमध्ये मोजतात. स्वयंपाकाला, तंबूत वाढायला दहा-वीस लुमेन पुरतात. वाटेनं चालायला शंभर ते दोनशे भरपूर झाले. म्हणून कमी-जास्त करता येणारी घ्या. डब्यावर छापलेले तास बहुधा सगळ्यात मंद उजेडाचे असतात, आणि तेही प्रकाश दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचे. पूर्ण उजेडावर किती तास चालते, तेच विचारा.

आता पावसाचं. डब्यावर आयपीएक्स ४ असेल तर चहूबाजूंनी उडालेलं पाणी ती सोसते. आयपीएक्स ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी जात नाही. ओढ्यात, खाचरात उतरणारीनं ७ च घ्यावी, नुसत्या चुलीपाशी वापरणारीला ४ चालेल. काहीच लिहिलं नसेल आणि दुकानदार तोंडी "वॉटरप्रूफ" म्हणत असेल, तर ठेवून द्या. सेलच्या झाकणाखाली रबरी कडं आहे का, चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट बसतं का, हे नखानं उघडून पाहा. तिथूनच पाणी शिरतं.

सेलच्या बाबतीत फसवणूक फार. जाड, गोल लिथियम सेल असतो, त्याला १८६५० म्हणतात. त्याची खरी क्षमता साधारण साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपते. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर ते खोटं समजा. असा सेल लवकर उतरतो, आणि कधी तापतोही. सेलवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा, तो इंग्रजी आर अक्षरानं सुरू होतो. चुलीच्या उबेला चार्जिंग लावू नका. जिथं वीज दोन-दोन दिवस जाते तिथं मला साध्या पेन्सिल सेलवर चालणारी जास्त पटते. ते सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

दुकानात डोक्याला लावूनच घ्या. अंबाड्यावर पट्टा सरकतो का, मान हलवली की दिवा डोलतो का? दिवा खाली वाकवता यायलाच हवा, नाहीतर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत झोत जातो आणि आपली वाट अंधारातच राहते. बटण ओल्या, चिखलाच्या बोटांनी दाबून सापडलं पाहिजे.

एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. मुसळधार पावसात किंवा धुक्यात कपाळावरचा उजेड थेंबांवरून आपल्याच डोळ्यांवर परततो आणि पुढं सगळं पांढरं दिसतं. शिवाय डोळ्यांजवळून उजेड पडला की सावली दिसत नाही, खड्डा सपाट वाटतो. अशा वेळी दिवा काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा.

लाल दिवा असेल तर उत्तम. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. पांढऱ्या झोतानं तो सराव क्षणात मोडतो, मंद लाल उजेडानं तितका मोडत नाही. मे अखेरीपासून जूनपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला लोक जातात. काजव्यांचे नर-मादी चमकूनच एकमेकांना शोधतात, आपला झोत मध्ये आला की त्यांचं जमत नाही. पाहुणे नेणाऱ्या गटांनी तिथं दिवे बंदच ठेवायला सांगावं.

पैसे कमी असतील तर प्रत्येकीनं एकेक स्वस्त घेण्यापेक्षा गटानं दोन चांगल्या घ्याव्यात, पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद गटाच्या फाइलला लावावा. आणि हंगाम संपला की पेन्सिल सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिले तर ते पाझरतात आणि पत्र्या गंजतात. लिथियमचा सेल मात्र अर्धा चार्ज करूनच ठेवायचा.