झडपेची गळती शाळेतच सापडावी

घसादुखी आपण अंगावर काढतो. पण ती 'अ' गटातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे झाली असेल आणि औषध मिळालं नाही, तर काही मुलांची प्रतिकारशक्ती जिवाणूंसोबत स्वतःच्या हृदयावरही हल्ला करते. हा रुमॅटिक ताप. तो पुन्हा पुन्हा आला की हृदयाच्या झडपा, विशेषतः मिट्रल झडप, जाड आणि ताठर होतात. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. मूल मात्र अनेक वर्षं धावतं, खेळतं. धाप लागू लागते तोवर झडप बरीच खराब झालेली असते.

सुरुवातीची गळती स्टेथोस्कोपने बहुतेकदा ऐकू येत नाही. कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्टेथोस्कोपच्या सुमारे दहापट रुग्ण सापडले.

लवकर सापडून फायदा होतो का, याचं उत्तर युगांडाच्या उत्तर भागातून मिळालं. तिथे ५ ते १७ वर्षांच्या १,०२,२०० मुलांचा इको झाला. सुप्त आजार असलेल्या ८१८ मुलांचे दोन गट केले आणि एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला होता. २०२१ मधला हा निष्कर्ष लाखमोलाचा आहे, कारण औषध जुनं आणि स्वस्त आहे.

अडचण तज्ज्ञांची. खिशात मावणारं इको यंत्र परिचारिका शाळेत नेऊ शकते, पण चित्र वाचणार कोण? इथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येते. तज्ज्ञांनी तपासलेल्या हजारो चित्रफितींवरून संगणक झडप ओळखायला आणि उलट वाहणाऱ्या रक्ताचा झोत मोजायला शिकतो. वॉशिंग्टनच्या चिल्ड्रेन्स नॅशनल हॉस्पिटलचे संशोधक युगांडातील डॉक्टरांसोबत अशा प्रणालीवर काम करत आहेत.

यंत्राचं काम संशयित मुलं वेगळी काढण्याचं. निदानावर शिक्कामोर्तब हृदयरोगतज्ज्ञानेच करावं. चुकीच्या निदानामुळे निरोगी मुलाला वर्षानुवर्षं दुखरी इंजेक्शनं घ्यावी लागतील.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतात. त्यांच्या हाती असं यंत्र द्यायलाच हवं. मात्र त्याच अंदाजपत्रकात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या पेनिसिलिनची आणि मूल इंजेक्शनला आलं नाही तर घरी जाऊन चौकशी करणाऱ्या आशाताईच्या मानधनाचीही तरतूद हवी. आजार यंत्राने सापडेल. झडप वाचेल ती वेळेवर मिळालेल्या इंजेक्शनाने.