द्विमान सुसंगती : बदल करावा, पण करार मोडू नये

जुन्या फाँटमध्ये टंकलेला माझा प्रबंध मलकपेठच्या घरी नव्या संगणकावर उघडला, की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर पुसला गेलेला नाही. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, हा करार तेवढा मोडला आहे. सॉफ्टवेअरच्या जगात अशाच एका कराराला द्विमान सुसंगती (बायनरी कंपॅटिबिलिटी) म्हणतात.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी सामाईक वापरायचा आज्ञासंच. प्रोग्रॅम लिहिताना आपण माहितीला नावाने हाक मारतो. कंपायलरने यंत्रभाषेत रूपांतर केले, की नावाऐवजी जागा उरते. समजा, विद्यार्थ्याच्या नोंदीत आधी हजेरी क्रमांक (4 बाइट) आणि लगेच गुण (4 बाइट) आहेत. नव्या आवृत्तीत दोहोंमध्ये 'तुकडी' घातली. मूळ प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला, तर एक ओळही न बदलता चालेल. पण आधीच कंपाइल झालेला प्रोग्रॅम पहिले चार बाइट सोडून गुण वाचायला जाईल आणि तुकडीलाच गुण समजेल. तो बंद पडला तर बरे. चुकीची गुणपत्रिका निमूटपणे छापणे अधिक घातक.

हा दोष मूळ ओळी वाचून सहज दिसत नाही. म्हणून लिनक्सवर 'अबिडिफ'सारखे साधन जुनी आणि नवी तयार लायब्ररी ताडून पाहते : कोणते फंक्शन गेले, कोणाचे घटक बदलले, कोणत्या रचनेचा आकार वा जागा सरकली. बदल मोडतोड करणाराच असेल, तर लायब्ररीच्या नावातील आवृत्ती-क्रमांक वाढवतात. जुने प्रोग्रॅम मग जुनीच प्रत वापरत राहतात.

लिपीनेही हा धडा घेतला आहे. 1996 मध्ये युनिकोडच्या 2.0 आवृत्तीत कोरियन अक्षरे दुसऱ्या जागी हलवली गेली आणि जुना कोरियन मजकूर नव्या नियमाने वाचता येईना. त्यानंतर नियम झाला : एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही, काढून घ्यायचा नाही. 2008 मध्ये 5.1 आवृत्तीत मराठीच्या 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला, तेव्हा स्वरांच्या रांगेत जागा नव्हती. कोणालाही न सरकवता तो रांगेबाहेर, 0972 या रिकाम्या जागी बसला. वर्णक्रमाची सोय वेगळी करावी लागली. जुना मजकूर मात्र शाबूत राहिला.

आपणही जुने लेखन युनिकोडमध्ये आणताना मूळ फाइल आणि फाँटचे नाव जपावे, रूपांतर छापील प्रतीशी ताडावे. विशेषतः 'ऱ्या'सारखी रूपे आणि जोडाक्षरे. ताडून पाहिल्याशिवाय मूळ प्रत टाकू नये.