तलावातील क्लोरीन आणि आपले केस

'पोहायला जायला लागल्यापासून केस झाडूसारखे राठ झाले', अशी तक्रार उन्हाळी सुट्टीनंतर पुष्कळदा ऐकू येते. काही घरांत तर एवढ्याच कारणाने मुलींचे पोहणे बंद होते. ठाणे खाडीच्या परिसरातील बोनकोडे, कोपरखैरणे यांसारख्या गावांत पाण्याशी ओळख असणे ही एके काळी गरजेची गोष्ट होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या गावांभोवती नवी मुंबई उभी राहिली. आता इथली बरीच मुले बांधीव तलावातच पोहायला शिकतात. पोहता येणे म्हणजे जीव वाचवण्याची विद्या. ती केसांपायी सोडावी लागू नये. त्यासाठी तलावातील पाणी केसांना नेमके काय करते, ते आपण समजून घेऊ.

एकाच पाण्यात अनेक जण उतरतात तेव्हा त्यात घाम, थुंकी आणि रोगजंतूही उतरतात. जंतू मारण्यासाठी पाण्यात क्लोरीन देणारी रसायने मिसळतात. त्यांपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे मुख्य काम तेच करते. पिण्याच्या नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतेच. भारतीय मानकानुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे लागते. पोहण्याच्या तलावात हे प्रमाण साधारणतः १ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे पाच ते पंधरा पट ठेवतात. शिवाय अंघोळ दहा मिनिटांत आटोपते, पोहणारा मात्र तासभर पाण्यात असतो.

आता केसाकडे वळू. केस केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांवर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर असतो. या थरामुळे केस मऊ लागतो. आतल्या गाभ्यात केराटीनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात. केसाचा काळा रंग ज्यामुळे येतो ते मेलॅनिनही याच गाभ्यात असते.

हायपोक्लोरस आम्ल हे प्रभावी ऑक्सिडीकारक आहे. ते वरचा स्निग्ध थर कमी करते, खवले खरखरीत करते आणि आत शिरल्यावर गंधकाचे बंध व मेलॅनिन यांवर हल्ला करते. मग केस राठ होतो, गुंततो आणि तुटतो. जपानमधील निष्णात जलतरणपटूंच्या केसांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांचे मूळचे काळे केस फिकट, सोनेरीसर झाल्याचे त्यात आढळले. पाण्याशी होणाऱ्या घर्षणाने खवले झिजतात आणि आतल्या मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण होते, असे त्याचे कारण दिले गेले. अर्थात हे खेळाडू वर्षानुवर्षे रोज पोहणारे होते. आठवड्यातून दोनदा पोहणाऱ्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही. शिवाय केसाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. तो खराब झाला तरी त्वचेखालच्या मुळातून नवा केस येतच राहतो.

'क्लोरीनने केस हिरवे होतात' असेही म्हटले जाते. ही हिरवी छटा खरे तर तांब्याची असते. शेवाळ मारण्यासाठी वापरलेल्या मोरचुदातून किंवा तांब्याच्या नळांतून हे तांबे पाण्यात येते आणि केसातील प्रथिनाला चिकटते. पांढऱ्या किंवा रंग उडवलेल्या केसांवर ते दिसते, काळ्या केसांवर दिसत नाही.

मग उपाय काय? कोरडा केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. हे पहिले पाणी तलावाचे असावे की साधे, हे आपल्या हातात आहे. वर्गात एक प्रयोग करावा. स्पंजाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक कोरडा ठेवावा, दुसरा साध्या पाण्यात पूर्ण भिजवावा. दोन्ही एकाच वेळी शाईच्या पाण्यात, न दाबता, अर्धा मिनिट बुडवावेत आणि मग स्वच्छ पाण्याच्या दोन वेगवेगळ्या पेल्यांत पिळावेत. कोणत्या पेल्यातील रंग गडद झाला? ओल्या तुकड्यातही थोडी शाई शिरलेली दिसेल. म्हणूनच आधी भिजवणे पुरेसे नाही, पोहून आल्यावरही केस लगेच साध्या पाण्याने भरपूर धुवावेत. ओला केस नाजूक असतो, त्यामुळे रुंद दातांचा कंगवा वापरावा. टोपीने डोके पूर्ण कोरडे राहत नाही, पण पाण्याचे घर्षण आणि संपर्क दोन्ही कमी होतात.

खोबरेल तेलाचे काय? मुंबईतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातील प्रथिनाची झीज खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसात शिरू शकतो. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीत झाले होते आणि ते तलावाच्या पाण्यावर केलेले नव्हते, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना जरूर सांगाव्यात. तेल आदल्या रात्री थोडेसे लावावे. तेलाने निथळणारे डोके घेऊन तलावात उतरू नये, कारण ते तेल सर्वांच्या पाण्यात जाते.

शेवटी तलावाच्या त्या उग्र वासाविषयी. 'वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाले, कमी करा', असा आग्रह पालक धरतात. तो वास मुख्यतः क्लोरामाइनांचा असतो. घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ती बनतात. डोळे चुरचुरतात तेही बरेचसे त्यांच्यामुळेच. अशा वेळी क्लोरीन कमी केले तर जंतूंचेच फावेल. पोहणारा प्रत्येक जण आधी अंघोळ करून आला, तर क्लोरामाइने कमी बनतील आणि घातलेले क्लोरीन जंतू मारण्याच्या कामी येईल. तलावाच्या दारातील फवाऱ्याखाली दोन मिनिटे उभे राहिल्याने आपले केसही वाचतात आणि सगळ्यांचे पाणीही चांगले राहते. मुलींचे पोहणे बंद करण्यापेक्षा ही सवय लावणे कितीतरी सोपे आहे.