अरुंद कॅबिनेटच्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्डाची निवड

विद्यापीठांच्या विभागांतून आज जे संगणक वापरात आहेत, त्यांपैकी पुष्कळसे ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अरुंद कॅबिनेटचे आहेत. ते टेबलावर जागा थोडी घेतात, वीज बेताची खातात आणि लेखन, हिशेब, पत्रव्यवहार ही कामे वर्षानुवर्षे बिनतक्रार करितात. अडचण उभी राहते ती कामाचे स्वरूप पालटल्यावर. उपग्रहचित्रांचे वर्गीकरण, हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून अक्षरांची ओळख, भाषिक प्रतिमानांवरील प्रयोग अशा कामास हात घातला की ग्राफिक्स कार्डाची उणीव जाणवू लागते. नवा संगणक घेण्याइतके अनुदान हाती नसते. तेव्हा आहे त्याच संगणकात एखादे कार्ड बसवावे, हा विचार साहजिकच पुढे येतो.

हा विचार अयोग्य आहे असे नाही. परंतु त्याचा क्रम बहुधा उलटा असतो. प्रथम कार्ड पसंत केले जाते आणि ते आपल्या संगणकात बसेल किंवा नाही, हे मागाहून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, निवडीचा आरंभ मर्यादांपासून व्हावा. संगणक काय सोसू शकतो हे आधी निश्चित करावे, आपले काम नेमके कशामुळे अडले आहे हे त्यानंतर ठरवावे, आणि कार्डाचे नाव सर्वांत शेवटी काढावे.

१. विजेची मर्यादा

मदरबोर्डावरील ज्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसते, त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डास जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसमधून स्वतंत्र तार जोडावी लागते. सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५ वॉट व आठ पिनांच्या तारेतून १५० वॉट मिळतात. अरुंद कॅबिनेटमधील एसएमपीएसला अशी तार बहुधा नसतेच. शिवाय त्याचा आकार आणि जोडण्या त्या त्या उत्पादकाच्या खास असल्यामुळे बाजारातील सर्वसाधारण एसएमपीएस आणून त्याच्या जागी बसविता येत नाही. म्हणून अशा संगणकाच्या बाबतीत ७५ वॉट हीच व्यवहारतः निवडीची कमाल मर्यादा ठरते. काही उत्पादक आपल्या लहान संगणकांत या स्लॉटवर याहूनही कमी मर्यादा घालतात. यास्तव त्या त्या संगणकाची सेवा-पुस्तिका पाहणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल २०१२ साली आलेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० हा संगणक घेऊ. त्याच्या अरुंद आवृत्तीत २४० वॉटचा एसएमपीएस असतो. त्यात इंटेल कोअर आय७-३७७० हा प्रोसेसर असल्यास त्याचे ७७ वॉट, कार्डाचे ७० वॉट, आणि मदरबोर्ड, मेमरी, डिस्क व पंखे मिळून अंदाजे ५० वॉट धरल्यास बेरीज २०० वॉटच्या आत राहते. हा हिशेब जमतो. परंतु ११५ वॉटचे जीफोर्स आरटीएक्स ४०६० हे कार्ड कमी उंचीच्या आवृत्तीत मिळत असले, तरी त्यास आठ पिनांची तार लागते. ते कार्ड जागेत मावले तरी विजेत मावत नाही.

येथे एका घातक उपायाचा निर्देश केला पाहिजे. डिस्कसाठी असलेल्या साटा तारेस सहा पिनांचा जोड लावून कार्डास वीज पुरविण्याची युक्ती सर्रास सुचविली जाते. साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असून प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर आहे. म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, अर्थात ५४ वॉट. त्याच जोडणीतून कार्ड ७५ वॉट मागू लागले तर पिना तापून प्लॅस्टिक वितळण्याचा, प्रसंगी आग लागण्याचाही संभव असतो. प्रयोगशाळेत असे जोड वापरू नयेत.

२. जागेची मर्यादा

जागेच्या संदर्भात तीन मापे पाहावयाची असतात : उंची, लांबी व जाडी. पूर्ण उंचीचे कार्ड सुमारे १११ मि.मी. असते, अरुंद कॅबिनेटमध्ये लागणारे ‘लो प्रोफाइल’ कार्ड सुमारे ६९ मि.मी. असते. लांबी कॅबिनेटमधील डिस्कच्या चौकटीपर्यंत स्वतः मोजावी. जाडीचे माप स्लॉटांच्या संख्येत सांगितले जाते. लगतच्या दोन स्लॉटांमधील अंतर २०.३२ मि.मी. असते. दोन स्लॉटांच्या जाडीचे कार्ड घेतल्यास शेजारचा स्लॉट निकामी होतो, हे तर उघडच आहे. परंतु काही संगणकांत लांब स्लॉट एसएमपीएसच्या अगदी लगत असतो आणि तेथे एकाच स्लॉटच्या जाडीचे कार्ड मावते, ही गोष्ट कॅबिनेट उघडल्यावाचून कळत नाही.

कार्डास मागील बाजूस धरून ठेवणारी धातूची पट्टीही कमी उंचीची हवी. नव्या कार्डाबरोबर बहुधा दोन्ही पट्ट्या येतात; जुन्या बाजारात घेतलेल्या कार्डाची लहान पट्टी मात्र पुष्कळदा हरवलेली असते. तसेच या वर्गातील अनेक कार्डांना केवळ मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. विभागातील मॉनिटर जुना असल्यास योग्य परिवर्तकाचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

३. उष्णतेची मर्यादा

कार्ड जितकी वीज घेते, जवळजवळ तितकीच उष्णता बाहेर टाकते. ७० वॉट हा आकडा लहान वाटतो. परंतु हाताच्या ओंजळीएवढ्या जागेत सतत तेवती राहणारी ती शेगडी आहे. उघड्या पंख्याचे कार्ड गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडते आणि तीच हवा प्रोसेसरच्या वाट्यास येते. नळीसारख्या आवरणातून हवा मागील पट्टीवाटे बाहेर टाकणारे कार्ड अरुंद कॅबिनेटमध्ये अधिक श्रेयस्कर होय, मग त्याचा आवाज थोडा अधिक असला तरी चालेल.

खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढते, स्थूलमानाने तितक्याच अंशांनी कार्डाचेही वाढते. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत ही बाब गौण राहत नाही. कार्ड एका ठराविक तापमानास पोहोचले की ते स्वतःचा वेग आपोआप उतरविते. म्हणजे जानेवारीत चार तासांत झालेले काम मे महिन्यात पाच तास घेईल आणि कारण मात्र कळणार नाही. धूळ साफ ठेवणे हा या बाबतीतील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

४. संगणकाच्या वयाची मर्यादा

कार्ड व प्रोसेसर यांमधील वाहतूक पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिकांतून होते. तिसऱ्या पिढीतील एका मार्गिकेची वहनक्षमता सेकंदास सुमारे १ गिगाबाईट असून पुढील प्रत्येक पिढीत ती दुप्पट होते. रेडिऑन आरएक्स ६४०० हे २०२२ सालचे कार्ड पाहू. ५३ वॉट, कमी उंची, एका स्लॉटची जाडी; अरुंद कॅबिनेटसाठीच घडविले असावे असे त्याचे रूप आहे. परंतु त्यास चारच मार्गिका आहेत. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्यांतून सेकंदास सुमारे ८ गिगाबाईट वाहतात. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर केवळ ४. कार्डाची ४ गिगाबाईट मेमरी भरून माहिती मुख्य मेमरीतून आणण्याची वेळ आली की हा अरुंद रस्ता तुंबतो. ज्या जुन्या संगणकांकडे पाहून हे कार्ड घेतले जाते, त्यांतच ते आपले गुण पूर्णपणे दाखवीत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांची स्थितीही काहीशी अशीच आहे. त्यांस ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते. ती नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर त्यांचा वेग लक्षणीय प्रमाणात घटतो.

५. समान वीज, असमान फल

मर्यादा निश्चित झाल्यावर असा प्रश्न उद्भवतो की, ७५ वॉटच्या आत मिळण्यासारखे तरी काय आहे? पुढील आकडे पाहावेत. वेग एकेरी अचूकतेच्या गणितक्रियांचा असून तो दर सेकंदास लक्ष कोटींत दिला आहे. वहनक्षमता कार्डावरील मेमरीची आहे.

जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) : ७५ वॉट, मेमरी ४ गिगाबाईट, वहनक्षमता ११२ गिगाबाईट, वेग २.१
आरटीएक्स ए२००० (२०२१) : ७० वॉट, मेमरी ६ किंवा १२ गिगाबाईट, वहनक्षमता २८८ गिगाबाईट, वेग ८.०
आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा (२०२३) : ७० वॉट, मेमरी २० गिगाबाईट, वहनक्षमता २८० गिगाबाईट, वेग १९.२
आरटीएक्स २००० एडा (२०२४) : ७० वॉट, मेमरी १६ गिगाबाईट, वहनक्षमता २२४ गिगाबाईट, वेग १२.०

विजेची मर्यादा स्थिर असता सात वर्षांत गणनेचा वेग नऊपट झाला; मेमरीची वहनक्षमता मात्र अडीचपटच वाढली. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, लहान कॅबिनेटमध्ये वॉटचे आकडे जवळजवळ सारखेच असल्यामुळे कार्डाची पिढी हीच निर्णायक ठरते. दुसरा असा की, ज्या कामात थोडी गणना व पुष्कळ माहितीची ने-आण असते, त्यात अधिक महाग कार्ड त्या प्रमाणात लाभ देणार नाही.

६. कामाचे स्वरूप

संशोधकाच्या दृष्टीने हाच विचार सर्वांत महत्त्वाचा होय. केवळ दुसरा मॉनिटर जोडावयाचा असेल, किंवा नकाशे आणि आलेख सुरळीत दिसावयास हवे असतील, तर ३० वॉटचे टी४०० अथवा ५० वॉटचे टी१००० ही एका स्लॉटची कार्डे पुरेशी आहेत.

भौतिकी व रसायनशास्त्रातील अनेक गणनांना दुहेरी अचूकता लागते. वर दिलेल्या कार्डांत ती हेतुपुरस्सर मर्यादित ठेविलेली आहे. ए२०००मध्ये दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे सेकंदास सुमारे १२,५०० कोटी क्रिया. आता आय७-३७७० हा जुना प्रोसेसर पाहा : चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झ, आणि प्रत्येक कोअर दर ठोक्यास दुहेरी अचूकतेच्या ८ क्रिया करतो. गुणाकार १०,८८० कोटी येतो. कार्ड विकत घेऊन पदरात पडते ते मूळच्या प्रोसेसरच्याच बरोबरीचे! अशा कामासाठी बनविलेल्या एनव्हिडिया ए१०० या कार्डाचा दुहेरी अचूकतेचा वेग ९.७ लक्ष कोटी आहे. परंतु ते २५० वॉटचे व स्वतःचा पंखा नसलेले असल्यामुळे अरुंद कॅबिनेटमध्ये त्याचा विचारही करता येत नाही. असे काम पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारख्या सामाईक महासंगणकाकडे नेणे अधिक शहाणपणाचे होय.

याउलट यंत्र-अध्ययनाच्या कामास एकेरी किंवा त्याहूनही कमी अचूकता पुरते. तेथे वेगाआधी मेमरीचा विचार करावा लागतो. ७०० कोटी प्राचलांचे भाषिक प्रतिमान १६ बिटांत ठेविल्यास केवळ प्राचलांनाच १४ गिगाबाईट लागतात. ४ बिटांत संक्षेपिल्यास ३.५ गिगाबाईट. पहिल्या रूपात ते ए२०००च्या कोणत्याही आवृत्तीत मावत नाही. दुसऱ्या रूपात ६ गिगाबाईटच्या आवृत्तीतही चालविता येते. कार्ड मंद असेल तर उत्तर उशिरा मिळते, मेमरी अपुरी असेल तर बहुधा मिळतच नाही. हा भेद विसरू नये.

कार्डाबरोबर सॉफ्टवेअरचे आयुष्यही पाहावे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या कूडाच्या तेराव्या आवृत्तीने मॅक्सवेल, पास्कल व व्होल्टा या रचनांना वगळले. १०५० टीआय हे कार्ड पास्कल रचनेचे आहे. जुन्या बाजारात ते स्वल्प किमतीस मिळत असले, तरी नव्या ग्रंथालयसंचांवर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्याने ते घेणे म्हणजे प्रबंध अर्धा झाला असता आधार सुटण्याचा धोका पत्करणे होय.

७. नामसाम्याचा भ्रम

शेवटी नावाविषयी. जीफोर्स जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीसह आले. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती निघाली. पहिलीची वहनक्षमता सेकंदास ४८ गिगाबाईट, दुसरीची सुमारे १७. संगणकांचीही तीच कथा. ‘ऑप्टिप्लेक्स ७०१०’ हे नाव डेलने २०१२मध्ये वापरले आणि २०२३मध्ये अगदी वेगळ्या संगणकास पुन्हा दिले. यास्तव मागणीपत्रात केवळ नाव न लिहिता मेमरीचा प्रकार व परिमाण, वॉट, उंची, जाडी आणि पट्टीचा प्रकार यांचा स्पष्ट उल्लेख असावा. मागणीपत्रातील शब्दांत जे नाही, त्याविषयी पुरवठादारास जाब विचारता येत नाही.

सारांश

कार्ड घेण्यापूर्वी काम चालू असता प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कोणावर भार पडतो ते मोजावे. पुष्कळदा मुख्य मेमरी वाढविल्याने किंवा जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यानेच काम भागते. त्यानंतर वीज, जागा, उष्णता व संगणकाचे वय या चार चाळण्यांतून निवड गाळून घ्यावी. त्यांतून जी दोन-तीन कार्डे उरतील, त्यांपैकी आपल्या कामास लागणारी मेमरी आणि अचूकता ज्यात असेल ते घ्यावे. कार्डाची किंमत संगणकाच्या किमतीहून अधिक होत असेल, तर ते पुढील संगणकातही नेता येईल अशाच बेताने घ्यावे. विभागाचे अनुदान वर्षातून एकदाच येते, आणि कपाटात पडून राहिलेल्या कार्डाने कोणाचाही प्रबंध पुरा होत नाही.