बंदी वाफेवर, मुभा धुराला

माझे एक जुने सहकारी गेली चाळीस वर्षे सिगारेट ओढतात. निवृत्तीनंतर आम्ही दिल्लीत एकाच वसाहतीत राहतो. गेल्या हिवाळ्यात, परदेशातून आलेल्या मुलाने दिलेली ई-सिगारेट खिशातून काढून त्यांनी मला विचारले, ‘‘ही तरी त्यापेक्षा बरी का हो?’’ ज्या वस्तूचा साठाही भारतात गुन्हा आहे, तिच्याविषयी दोन निवृत्त अधिकाऱ्यांनी बागेत बसून खल करावा, याचे आधी हसू आले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

सिगारेटच्या घातकतेचे मूळ निकोटिनपेक्षा ज्वलनात अधिक आहे. निकोटिन व्यसन लावते. जळत्या तंबाखूतून मात्र सात हजारांहून अधिक रसायने निघतात आणि त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक असतात. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, निकोटिनयुक्त द्राव तापून त्याचे तुषार होतात. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास टळतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये तिची हानी ९५ टक्क्यांनी कमी असल्याचे म्हटले. हा आकडा तज्ज्ञांचा अंदाज होता, मोजमाप नव्हे. पन्नास वर्षे ई-सिगारेट ओढलेला माणूस अजून जगात नाही. मग फुप्फुसांचा अखेरचा हिशेब कोण देणार?

अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसविकाराची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यूंची नोंद झाली. तपासात प्रामुख्याने दोष आढळला तो गांजातील मादक द्रव्याच्या द्रावात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई अॅसिटेट’चा. त्याच भीतीच्या दिवसांत, १८ सप्टेंबर २०१९ रोजी, आपल्या केंद्र सरकारने अध्यादेशाचा निर्णय जाहीर केला. पुढे कायदा झाला: विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शाळकरी मुलांचा विचार करता मला ही बंदी तेव्हा पटली होती, आजही बव्हंशी पटते.

पटत नाही ते तिच्या शेजारचे मौन. पहिल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानंतरच्या २०१६-१७ च्या पाहणीत ७.७ टक्के प्रौढ विडी आणि ४ टक्के सिगारेट ओढत होते. सेवाकाळात मी सागर जिल्ह्यात घरोघरी बायकांना तेंदूपत्त्यात तंबाखू वळताना पाहिले आहे. त्या कुटुंबांच्या रोजगाराचा दाखला देत विडीवरचा कर नेहमीच सिगारेटपेक्षा हलका राहिला. कारण समजते, पण विडीचा धूर त्यामुळे सौम्य होत नाही. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे असद बेग आठवतो. विजापूरहून त्याने तंबाखू अकबराच्या दरबारी नेली तेव्हा हकिमांनी हरकत घेतली; १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली. व्यसनाचे पुढे काय झाले, ते कोपऱ्याकोपऱ्यावरच्या टपऱ्या सांगतात.)

सहकाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभराने सिगारेटमुक्त होते, तर निकोटिनचे पॅच, गम वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. मात्र पहिल्या गटातील सुटलेल्यांपैकी ८० टक्के तोवर ई-सिगारेटच ओढत होते. दुसरी गोष्ट त्यांना अधिक बोचली. रोज एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा वाढीव हृदयविकाराचा धोका असतो. ‘‘सकाळची एक तेवढी ठेवतो, बाकी वाफ’’ हा त्यांचा बेत तेथेच कोसळला.

मग मी त्यांच्या खिशातले पाकीट मागितले. व्यसन सोडण्यासाठी मोफत सल्ल्याचा क्रमांक २०१८ पासून त्यावर छापला जातो. तो त्यांनी कधी वाचलाच नव्हता. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मीच वाचून दाखवला: १८००-११-२३५६.