चुकलेल्या गोळीचा जाब कोणी द्यावा?

मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, की वर्तमानपत्रांत छायाचित्र येते: मूत्रपिंड देणारी आई, ते घेणारा मुलगा आणि शेजारी शल्यचिकित्सक. काही वर्षांनी तेच मूत्रपिंड निकामी झाले, तर त्याची बातमी होत नाही. बालपणी वा ऐन तारुण्यात रोपण झालेल्या अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, हा धोका १७ ते २४ या वयात सर्वाधिक असल्याचे दिसून आले. शरीराची प्रतिकारशक्ती या वयात प्रखर असते, हे त्याचे एक कारण होय. परंतु चुकविलेली औषधे हेही तितकेच मोठे कारण आहे.

यावर 'हल्लीची मुले बेजबाबदार' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. तथापि त्या मुलाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. परक्या मूत्रपिंडाशी शरीराचे कायमचे सख्य कधीच होत नाही. म्हणून टॅक्रोलिमससारखे औषध बहुधा दर बारा तासांनी, जन्मभर घ्यावे लागते. दोन दिवस ते न घेतल्यास काय होते? बहुधा काहीच जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढल्याचे तपासणीतच कळते. उलट स्टेरॉइडने सुजलेला चेहरा, मुरुमे, खुंटलेली उंची ही रोज आरशात दिसतात. ज्याचा लाभ अदृश्य आणि उपद्रव उघड, असे औषध चौदाव्या वर्षी निमूटपणे घेणारे आपल्यापैकी कितीजण निघाले असते?

डायलिसिसवरील मुलाची स्थिती याहून बिकट. आठवड्यातून सामान्यतः तीन वेळा, सुमारे चार चार तास यंत्राला जखडलेले. पाणी मोजून प्यायचे, केळी व शहाळे वर्ज्य. फॉस्फेट रोखणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते, म्हणजे मधल्या सुट्टीत, सगळ्या वर्गाच्या देखत. ती डब्यातच राहते, यात नवल ते काय?

आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांकडून मिळतात आणि देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात. त्यामुळे घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, "अरे, आईने पोटातला अवयव काढून दिला आणि तुला एक गोळी गिळवत नाही?" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण उपकाराच्या ओझ्याखाली वाकलेला मुलगा गोळी वेळेवर घेत नाही, तो खोटे बोलू लागतो. "घेतली" हे त्याचे उत्तर खरे मानून डॉक्टर औषधाचे प्रमाण बदलतात आणि घोटाळा वाढतो. (गोळ्या परवडत नाहीत म्हणून त्या पुरवून पुरवून वापरणारी घरेही आहेत. तेथे तर मुलाला दोष देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.)

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. कॅनडा व अमेरिकेतील ११ ते २४ वयाच्या रोपणरुग्णांवरील एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांच्या डबीत यांत्रिक नोंद, भ्रमणध्वनीवर स्मरणसंदेश आणि दर तीन महिन्यांनी रुग्णाशी निवांत बोलणे, एवढाच त्याचा थाट होता. न रागावता एकच विचारायचे, की गोळी नेमकी कोठे अडते? शिकवणीमुळे, प्रवासात, की मित्रांसमोर? औषध वेळेवर घेण्याचे प्रमाण त्याने वाढले. मूत्रपिंडाच्या आयुष्यावरील परिणाम मात्र त्या अल्प काळात सिद्ध झाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायला सवड कोणाला आहे? मूल बालविभागात असते तोवर गोळ्यांचा सारा हिशेब आईच्या डोक्यात असतो. मग वयाची मर्यादा उलटते, कागदपत्रे प्रौढांच्या विभागात जातात आणि कालपर्यंत "बाळ, जीभ दाखव" एवढेच ऐकलेल्या मुलाकडून स्वतःच्या औषधांची नावे पाठ असण्याची अपेक्षा केली जाते. हे हस्तांतरण आधीपासून, टप्प्याटप्प्याने व्हावे, असे मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०११ सालीच संयुक्तपणे सुचविले होते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत दहा मिनिटे आईवडिलांना बाहेर बसवावे आणि डॉक्टरांनी मुलाशीच बोलावे. शाळेतही वर्गशिक्षकांनी गाजावाजा न करता डब्याच्या वेळी गोळी घेण्यापुरता एखादा कोपरा द्यावा, आणि डायलिसिसचे वार पाहूनच चाचणीचे वेळापत्रक लावावे.