नागपूर-मुंबई : विमानाला दीड तास, पण चैत्यभूमीला किती?

६ डिसेंबर जवळ आला की विदर्भातल्या नोकरदार तरुणांचा एक प्रश्न हमखास येतो. रजा एकाच दिवसाची आहे, विमानाने जाऊन अभिवादन करून त्याच दिवशी परत येता येईल का?

आधी अंतर पाहू. मोबाइलवर शोधले की तीन वेगवेगळे आकडे दिसतात आणि तिन्ही बरोबर असतात. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. रेल्वे मात्र वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, इगतपुरी असा वळसा घेत ८३७ किलोमीटर धावते. (दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे. मोटारसायकल रॅली काढणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.)

प्रवासी विमान वर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडते. मग ६८० किलोमीटरला दीड तास कसा? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, मुंबईच्या आकाशात उतरण्याच्या नंबरची वाट पाहणे, हे सगळे त्यात येते. शिवाय हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात असतात. त्यामुळे मुंबईकडे येताना विमान वाऱ्याविरुद्ध उडते आणि परतीपेक्षा दहाएक मिनिटे जास्त लागू शकतात.

आता घरापासून हिशेब करा. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे. सुटण्याच्या तासभर आधी बॅग घेणे बंद होते. उतरल्यावर बॅगेसाठी थांबायचे, मग गर्दीतून दादर गाठायचे. दीड तासाचा प्रवास पाच-सहा तासांचा होतो. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे, म्हणून तिकिटावर कोणता विमानतळ आहे ते नीट वाचा. उलव्याहून दादर सांताक्रूझइतके जवळ नाही.

आणि एवढे करून आपण फक्त दादरला पोहोचतो. खरा वेळ लागतो तो शिवाजी पार्कपासून चैत्यभूमीपर्यंतच्या रांगेत. ती कित्येक तासांची असते आणि कोणत्याच वेळापत्रकात नसते. दुपारचे परतीचे विमान काढलेला माणूस रांगेत घड्याळ बघत उभा राहतो आणि दर्शन न घेताच माघारी फिरतो. त्यापेक्षा आमच्या मते रात्रीची गाडी बरी. दुरांतो साधारण ११ तासांत येते, विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते. ५ तारखेच्या रात्री निघून ६ ला रात्री परत फिरले तरी रजा एकच पडते आणि अख्खा दिवस हाती राहतो. आरक्षण मात्र ६० दिवस आधी उघडते, तेव्हाच करावे लागते. मध्य रेल्वे या काळात अनारक्षित विशेष गाड्याही सोडते, पण त्यांत बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही.

विमानाचे तिकीट काढायचेच असेल तर ते घरातल्या वृद्ध आई-वडिलांसाठी काढा. रात्रभर दाटीवाटीत बसणे त्यांना झेपत नाही. त्यांना ४ तारखेला आणा, गर्दी वाढण्याआधी अभिवादन होईल, आणि परतीचे तिकीट ७ किंवा ८ चे ठेवा.